शिंदे सरकारांची आगगाडी

आमच्या वाईला रेल्वे नाही. गाडी धरायची तर वाठार गाठावे लागते. याच सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे मूळ घराणे असलेले ग्वाल्हेरचे शिंदे मात्र आगगाडीच्या नादासाठी ओळखले जातात.

महादजींच्या गादीवर माधवराव शिंदे १८८६ साली बसले, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर त्यांची चांदीची आगगाडी रुळांवरून फिरे आणि पाहुण्यांपुढे मद्य व सिगार नेई. सुरई उचलली की गाडी थांबे. परत ठेवली की चालू लागे.

हा नाद मेजापुरता नव्हता. अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरची त्यांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे १८९९ साली सुरू झाली. ती भिंड, शिवपुरीकडे गेली आणि १९०९ साली श्योपूरला पोहोचली. माधवराव १९२५ साली पॅरिसमध्ये वारले.

श्योपूरची ती छोटी गाडी २०२० साली थांबली. चांदीची गाडी आजही राजवाड्याच्या संग्रहालयात आहे. बँकेत हयात घालवलेला मी संस्थानिकांच्या चैनीकडे खर्चाच्या बाजूनेच पाहतो. या एका नादाची जमेची बाजू मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ सामान्य माणसांना घेऊन धावली.