कै. भास्कर रामचंद्र भागवत

थोर पुरुष म्हटला म्हणजे तो राजा, सेनापति किंवा धर्मसुधारक असावयाचा, असें पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें. परंतु ज्यानें सिंहासन पाहिलें नाहीं, केवळ मुलांसाठीं गोष्टी लिहिण्यांत आयुष्य वेंचिलें, अशा एका लेखकाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० रोजीं इंदूर येथें झाला. त्यांच्या पत्नी लीलावतीबाई याहि मुलांसाठीं लिहीत. आकाशवाणीवरील कार्यक्रमांमुळें त्या घरोघरीं परिचित होत्या. मुलांस त्यांचें स्वतःचें मासिक असावें, या इच्छेनें १९५१ सालीं भागवतांनीं 'बालमित्र' सुरू केलें. कांहीं वर्षांनीं तें बंद पडलें. पण भागवतांची लेखणी थांबली नाहीं.

इंग्लंडांत वेल्स व फ्रान्सांत ज्यूल व्हर्न यांनीं विज्ञानाच्या पायावर अद्भुत कथा रचिल्या. परभाषेच्या कुलुपामुळें त्या आपल्या मुलांस दुर्लभ होत्या. भागवतांनीं तें कुलूप उघडिलें. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हीं व्हर्नच्या कथांचीं त्यांनीं केलेलीं मराठी रूपें होत. व्हर्नने १८६५ सालीं तीन प्रवासी फ्लॉरिडांतून तोफेच्या गोळ्यांत बसवून चंद्राकडे धाडिले. १९६९ सालीं तीन अंतराळवीर खरोखरच फ्लॉरिडांतून निघाले व त्यांपैकीं दोघे चंद्रावर उतरले! तोफेनें माणूस जिवंत जाणार नाहीं, हें शास्त्र सांगतें; पण आधीं स्वप्न, मग गणित, हा क्रम विद्यार्थ्यांनीं ध्यानांत धरावा.

भागवतांची स्वतंत्र निर्मिति म्हणजे फास्टर फेणे. याचें खरें नांव बनेश. राहणार पुण्याजवळील फुरसुंगीचा. अंगानें किडकिडीत, सायकलवर वाऱ्यासारखा जाणारा, तोंडानें 'ट्टॉक्' करणारा हा खेडवळ मुलगा पुण्याच्या शाळेंत येतो आणि बुद्धि व धैर्य यांच्या बळावर भल्याभल्यांस नमवितो. त्याच्या साहसांचीं अनेक पुस्तकें झालीं. पुढें दूरदर्शनवर मालिका झाली, आणि २०१७ सालीं चित्रपटहि निघाला. तो पाहण्यास भागवत मात्र नव्हते. २७ ऑक्टोबर २००१ रोजीं त्यांचें देहावसान झालें होतें.

आमच्या खापरकडील कित्येक मुलें घरीं भिली, अहिराणी किंवा गुजराती बोलतात. शाळेंतील मराठी त्यांस प्रथम परकी वाटते. बाके, व्याकरण व छडी यांपेक्षां एक रंजक गोष्ट ही अडचण लवकर दूर करिते. बनेशहि खेड्यांतूनच आला होता. शेताच्या बांधावर बसून चंद्राची सफर करणारा मुलगा वेळ दवडीत नाहीं, तर भाषा, भूगोल व शास्त्र एकदमच शिकत असतो. म्हणून पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, मुलाच्या हातीं गोष्टीचें पुस्तक दिसलें तर तें हिसकावून घेऊं नये. सवड सांपडल्यास त्याजकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें व आपणहि ऐकावें.