कॉलेजात राखलेला नेम : गुरुदेव रानडे

भाविक वाचकहो, मुलगा मॅट्रिक होऊन शहरात कॉलेजाला निघाला की घरच्या माळकरी माणसांच्या पोटात कालवाकालव होते. फीची चिंता असतेच, तिच्यापेक्षा मोठी चिंता ही की पोरगा गळ्यातली माळ ठेवील का, एकादशी पाळील का, की चार बुके वाचून देवालाच रजा देईल? कीर्तनानंतर ही शंका आम्हांला गावोगाव विचारतात. तिला कोरडे उत्तर देण्यापेक्षा एका थोर पुरुषाचे चरित्रच सांगितलेले बरे. ते पुरुष म्हणजे निंबाळचे गुरुदेव रामचंद्र दत्तात्रेय रानडे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. गुरुदेव आपल्या फडांपैकी कुठल्या फडाचे नव्हते. त्यांची परंपरा निंबर्गीकर महाराजांची. पण ज्ञानोबा-तुकोबांच्या वाणीची त्यांनी जी सेवा केली, ती पाहता त्यांना परके कोण म्हणेल?

जमखंडी हे कृष्णाकाठच्या मुलखातले पटवर्धनांचे संस्थान. तिथे 3 जुलै 1886 रोजी रामभाऊंचा जन्म झाला. बुद्धी तल्लख, शाळेत नाव. 1901 साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून त्यांना नाम मिळाले. आता इथे नीट लक्ष द्या बरं का. नाम घेताना त्या मुलाच्या मनात काही ब्रह्मजिज्ञासा उसळलेली नव्हती. नाम घेतले की परीक्षेत यश येते, एवढाच त्याचा भाव. 1902 साली मॅट्रिकची परीक्षा झाली, आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती रामभाऊंना मिळाली. झालं! देव पावला.

गीतेत भगवंतांनी भक्त चार प्रकारचे सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. रामभाऊ या वेळी शुद्ध अर्थार्थी होते. त्यांना हसू नका. आज परीक्षेच्या दिवशी देवळापुढे चपलांचा ढीग पडतो, ते सारे अर्थार्थीच. भगवंतांनी अर्थार्थ्यालाही भक्तांच्या पंगतीतून उठवलेले नाही. मात्र ती पहिली पायरी आहे, आणि पायरीवर कुणी बिऱ्हाड करीत नाही.

पुढे रामभाऊ पुण्यास डेक्कन कॉलेजात आले. येरवड्याजवळचे ते कॉलेज त्या काळी विद्वत्तेचे माहेरघर. गणित हा त्यांचा आवडीचा विषय, आणि 1907 साली ते बी. ए. झाले. पण गणिताला पुरावा लागतो. ज्या बुद्धीला पुराव्याची सवय लागली, ती नामापुढेही उभी राहून विचारू लागते : याला आधार काय? संतांना जे दिसले ते सत्य, की मनाचा खेळ? प्रश्न खरा होता. असा प्रश्न विचारणाऱ्या पोराला आपण घरी काय म्हणतो? नास्तिक झालास म्हणतो, आणि गप्प बसवतो. गप्प बसतो तो, पण त्याचा प्रश्न काही गप्प बसत नाही.

श्रुतीने श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशी तीन साधने सांगितली. मनन म्हणजे ऐकलेल्यावर शंका घेऊन, ती विचाराने फेडून, अर्थ पक्का करणे. म्हणजे शंकेला शास्त्रानेच पाट मांडून ठेवला आहे. कॉलेज हे मननाचे ठिकाण. पोरे बिघडतात ती मननाने नव्हे. मनन चालू राहते आणि निदिध्यासन, म्हणजे रोजचा नेम, सुटतो, तिथे घात होतो. विहीर खोल खणायची आणि पाणी मात्र शेंदायचे नाही, मग तहान कशी भागावी?

रामभाऊंनी शंका घेतली, पण नाम सोडले नाही. तिथे ते जिज्ञासू झाले.

मग आले दुखणे. 1909च्या सुमारास ते अशा आजारात सापडले की प्रकृती पार खालावली. देह मुळचाच नाजूक, बुद्धीचा आधार तुटलेला. शिष्यवृत्ती, पदवी, लौकिक यांतले काही अंथरुणाशी कामाला येईना. अशा वेळी सौदा करणारा माणूस देवावर रुसतो : मी नाम घेतले, तू मला हे दिलेस? रामभाऊ रुसले नाहीत. त्यांनी नाम अधिक घट्ट धरले. अर्थार्थी होता, जिज्ञासू झाला, तो आता आर्त झाला. गीतेतला क्रम निराळा आहे, पण प्रत्येकाची वाट आपापल्या क्रमाने जाते.

त्या दुखण्यातून ते उठले ते निराळेच होऊन. गणित मागे राहिले आणि तत्त्वज्ञान हाती घेतले. हेतू हा की संतांचा अनुभव बुद्धीच्या कसोटीला उतरतो की नाही, ते तपासावे. 1914 साली ते एम. ए. ला पहिल्या वर्गात आले आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी भाऊसाहेब महाराजांनी देह ठेवला. एका हाती पदक आले, दुसऱ्या हातून सद्गुरूंचे सगुण रूप गेले. राहिले काय? दिलेले नाम.

पुढे फर्ग्युसन कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवू लागले. ग्रीक तत्त्ववेत्त्यांवर लिहिले. 1926 साली उपनिषदांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला, आणि 1933 साली महाराष्ट्रातील संतांच्या अनुभवावरचा. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांची वचने निवडून, विषयवार लावून, त्यांनी मराठीत वचनामृते सिद्ध केली. तुकोबांची तळमळ, देव भेटत नाही म्हणून फोडलेला टाहो, हा साधनेतलाच एक टप्पा आहे असे त्यांनी दाखवले. ज्याने स्वतः अंधार पाहिला, त्यालाच हे नेमके दिसायचे!

अलाहाबाद विद्यापीठात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि शेवटी कुलगुरू झाले. एवढे पद, पण नेम तोच, तासन् तास ध्यान तेच. मन सारे सोलापूर-विजापूर रेल्वेवरच्या निंबाळ या लहानशा गावी. तिथेच 6 जून 1957 रोजी त्यांनी देह ठेवला.

त्याच पुण्यात सोनोपंत दांडेकर झाले. तेही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे सर परशुरामभाऊ कॉलेजचे प्राचार्य, आणि जोग महाराजांचे शिष्य म्हणून कीर्तनात उभे राहणारे माळकरी. तेव्हा कॉलेज आणि देव यांचे हाडवैर आहे, ही समजूत आता सोडून द्यावी.

आईबापांनो, मुलाच्या शंकेला भिऊ नका. उत्तर येत नसेल तर जाणत्याकडे पाठवा, पण रागावू नका. आणि विद्यार्थी मुलांनो, तुम्हांला एवढेच सांगणे. शंका खुशाल घ्या, पुस्तके हवी तेवढी वाचा. पण रोज एक वेळ ठरवा, थोडीच ठरवा, आणि ती मोडू नका. परीक्षेत यश आले म्हणून नाम वाढवू नका, अपयश आले म्हणून टाकू नका. खोलीत एक तरी सोबती असा जोडा की ज्याच्यापुढे हरिपाठ म्हणायला लाज वाटणार नाही. रामभाऊंनी सोळाव्या वर्षी गुणांसाठी धरलेले नाम एकाहत्तराव्या वर्षी देहाबरोबरच ठेवले. मधल्या काळात मागणे गळून गेले, आणि नाम तेवढे उरले.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!