कोंड्याचं सोनं करणारा जोकिची

जेवण जड झालं की आपण पचनाची गोळी घेतो. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी पाकीट जरा उलटून बघा. त्यावर बऱ्याचदा ‘फंगल डायस्टेस’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे चक्क बुरशीपासून काढलेलं पाचक! हे पाचक जगाला देणारा माणूस म्हणजे जपानचे जोकिची ताकामिने.

त्यांचा जन्म १८५४ सालचा, ताकाओका गावचा. वडील वैद्य, तर आईचं माहेर साके म्हणजे तांदळाची दारू बनवणारं. तिथे वाफवलेल्या तांदळावर एक खास बुरशी वाढवतात, तिला ‘कोजी’ म्हणतात. आपल्याकडे विरजण जसं घरोघरी, तसं तिकडे कोजी. हे आजोळचं ज्ञानच पुढे त्यांच्या कामी आलं.

टोकियोत इंजिनीअरिंग कॉलेजात शिकून ते पुढच्या शिक्षणासाठी ग्लासगोला गेले. १८८४ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनासाठी त्यांना सरकारने पाठवलं आणि तिथे कॅरोलिन हिच भेटली. १८८७ मध्ये लग्न झालं. परका देश, परकी भाषा, पण कॅरोलिन नवऱ्याबरोबर जपानला गेली. दोन मुलगे तिथेच झाले.

१८९० साली अमेरिकेतल्या व्हिस्की कंपन्यांच्या संघाने ताकामिनेंना बोलावलं. व्हिस्कीसाठी धान्यातल्या पिठूळ भागाची साखर व्हावी लागते. त्यासाठी तिकडे जवाला मोड आणून, वाळवून माल्ट करत. आपण नाचणीचं सत्त्व करतो ना, त्यातलाच प्रकार. हे काम वेळखाऊ. ताकामिनेंनी स्वस्त गव्हाच्या कोंड्यावर कोजी वाढवली. ती दोनेक दिवसांत तयार!

पण माल्ट करणाऱ्यांच्या पोटावर पाय येणार होता. पिओरिया गावात विरोध पेटला. १८९१ मध्ये कारखान्याला आग लागली आणि सगळं भस्म झालं. आग लावली गेल्याचा संशय होता, पण सिद्ध काहीच झालं नाही. त्यातच ताकामिने यकृताच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. परमुलखात पदरी दोन लहान मुलं, आजारी नवरा आणि हातचं काम गेलेलं. कॅरोलिनने धीर सोडला नाही. उपचारासाठी त्यांना शिकागोला हलवलं.

बरे झाल्यावर ताकामिनेंनी तीच बुरशी दारूऐवजी औषधाकडे वळवली. कृती ऐका. कोंड्यावर वाढलेली बुरशी पाण्यात भिजवायची. तिच्यातला पाचक घटक, म्हणजे विकर, पाण्यात उतरतो. ते पाणी गाळून त्यात अल्कोहोल घालायचं. हे विकर अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. दूध नासलं की चोथा वेगळा होतो ना, तसं ते वेगळं होऊन खाली बसतं. मग ते गाळून, कमी उष्णतेवर वाळवायचं. फार तापवलं तर गुणच जातो. हाती येते पांढुरकी पूड, स्टार्च पचवणारी.

१८९४ साली या पद्धतीचं अमेरिकन पेटंट मिळालं. पार्क-डेव्हिस कंपनीने ‘टाका-डायस्टेस’ नावाने ते औषध विकलं आणि घरात पैसा आला. पुढे सहायक केइझो उएनाका यांच्यासोबत त्यांनी जनावरांच्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन शुद्ध स्वरूपात मिळवलं. प्रत्यक्ष प्रयोग उएनाकांनी केले, पेटंटवर नाव मात्र एकट्या ताकामिनेंचं. ही गोष्टही लक्षात ठेवायला हवी. जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत आजही हेच इंजेक्शन देतात.

१९१२ मध्ये वॉशिंग्टनला जपानने चेरीची तीन हजारांवर झाडं भेट दिली, त्यामागेही ताकामिने होते. १९१० ची पहिली खेप किडीमुळे जाळावी लागली होती, तरी पुन्हा पाठवलीच. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

एक मात्र सांगते, बाई. कोजीची बुरशी पारखून, निगुतीनं वाढवलेली असते. आपल्या डब्यातल्या पोळीवर आलेली बुरशी ती नव्हे. ती पोळी टाकूनच द्यायची.

कोंडा आपण गुरांना घालतो. त्याच कोंड्यावर या माणसाने औषध पिकवलं, तेही सगळं जळून गेल्यावर. आईच्या माहेरची एक जुनी रीत त्यांनी हलकी मानली नाही, म्हणून हे झालं. आपल्या आज्यांच्या विरजण-आंबवणातही असं काही दडलेलं असेल. ते नीट बघायला मुलींना शिकवायला हवं.