भाषा नाही, ओळख नाही, तरी मेक्सिकोत मका पिकवला! वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंची गोष्ट

सिन्नर : खरिपात आपल्या तालुक्याच्या पूर्व भागात, वावी-पाथरेकडं फेरी मारली तर जिकडं बघावं तिकडं मका दिसतो. कुणी तो व्यापाऱ्याला घालतो, कुणी गाईंसाठी मुरघास करतो. हा मका मूळचा आपला नाही, तो मेक्सिकोचा. त्याच मेक्सिकोत एकट्यानं जाऊन तिथल्या शेतकऱ्यांना मक्याचे नवे वाण देणारा माणूस मात्र आपल्या महाराष्ट्रातला होता. नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, गाव वर्धा.

आता गावोगावची पोरं परदेशात निघालीत. कुणी आखातात, कुणी जर्मनीला. घरच्यांना धास्ती एकच असते. भाषा येत नाही, जेवणखाण वेगळं, ओळखीचं कुणी नाही, पोराचं कसं होणार? ज्यांच्या घरात ही काळजी आहे त्यांनी खानखोजेंचं आयुष्य जरूर वाचावं.

विशीत घर सोडलं

खानखोजे शिकले वर्ध्याला आणि नागपूरला. तो काळ लोकमान्य टिळकांचा. इंग्रजांना घालवायचं तर लढाईचं शिक्षण पाहिजे आणि ते इथं मिळणार नाही, हे या पोराच्या मनानं घेतलं. टिळकांचा आशीर्वाद घेऊन १९०६ च्या सुमारास त्यांनी देश सोडला. वय जेमतेम विशीच्या पुढं. तेव्हा फोन नाही, विमान नाही. घरच्यांना पत्र पोचायलाच कित्येक आठवडे लागायचे, आणि ज्याच्यावर इंग्रजांची नजर आहे त्याचं पत्र पोचेलच याचा भरवसा नाही.

आधी जपान, मग समुद्र ओलांडून अमेरिकेतलं कॅलिफोर्निया. खिशात पैसा नाही, म्हणून मिळेल ते काम करायचं आणि शिकायचं. एकीकडं लष्करी शाळा, दुसरीकडं शेतीचं कॉलेज. बंदूक आणि नांगर दोन्ही त्यांनी एकदमच हातात घेतलं म्हणा ना.

तिथल्या शेतात पंजाबातून आलेले शीख मजूर राबत होते. त्यांच्या शेजारी मेक्सिकोचे मजूर. खानखोजे या दोघांमध्येही मिसळले. पुढं १९१३ मध्ये लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्यासारख्या मंडळींनी गदर पक्ष उभा केला, त्याच्या पहिल्या फळीत खानखोजे होते. मेक्सिकोच्या लोकांशी झालेली ओळख मात्र दहा वर्षांनी कामाला आली. परमुलखात जोडलेलं माणूस कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

इराण, जर्मनी, रशिया आणि मग मेक्सिको

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. इंग्रज अडचणीत आहेत, हीच वेळ आहे असं समजून खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. नाव बदललं, पोशाख बदलला आणि तिथल्या डोंगरातल्या टोळ्यांबरोबर राहून ते इंग्रज फौजेशी लढले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. युद्ध संपलं तेव्हा इंग्रज जिंकले होते आणि खानखोजेंना मायदेशाचं दार बंद झालं होतं.

मग बर्लिन गाठलं. १९२१ मध्ये हिंदी क्रांतिकारकांबरोबर मॉस्कोही पाहिलं. दर ठिकाणी नवी भाषा, नवं अन्न, नवे कायदे. शेवटी १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले. वय चाळिशीच्या घरात, घरदार नाही, जवळ पुंजी नाही. तिथं सगळा कारभार स्पॅनिश भाषेत. या वयात पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायची होती.

पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं होती. मेक्सिकोत १९१० पासून मोठी क्रांती झाली होती. जमीनदारांच्या जमिनी कुळांना, गावांना वाटायचं काम चाललं होतं. जमीन मिळालेल्या शेतकऱ्याला बियाणं पाहिजे होतं, शिक्षण पाहिजे होतं. मेक्सिको शहराजवळ चापिंगो इथं एका जुन्या जमीनदाराच्या वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतंच आलं होतं. अमेरिकेत जोडलेल्या मित्रांच्या ओळखीनं खानखोजेंना तिथं प्राध्यापकाची जागा मिळाली.

शेतातली भाषा

बाजारात, कचेरीत बोलायला शब्द लागतात. शेतात मात्र रोप, माती आणि कणीस समोर असतं. त्याला काय झालंय हे शेतकऱ्याला बघून कळतं. खानखोजेंचा जम बसला तो इथंच.

जेवणाचंही बघा. मेक्सिकोचा माणूस मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतो, भिजवतो, वाटतो आणि त्याची पातळ भाकरी तव्यावर भाजतो. तिला ते टॉर्टिया म्हणतात. सोबतीला घेवडा आणि मिरची. मका, मिरची, टोमॅटो, घेवडा ही पिकं आपल्याकडं आली ती त्याच बाजूनं, समुद्र ओलांडून. म्हणजे वर्ध्याचा माणूस ज्या परक्या ताटावर बसला त्यातलं निम्मं आपल्या चुलीच्या ओळखीचंच होतं.

खानखोजेंनी मका, गहू, कडधान्य, रबर अशा पिकांवर काम केलं. थंडीच्या कडाक्यात आणि कमी पावसात टिकेल असं वाण काढायचं हा त्यांचा ध्यास. मक्याचा संकर म्हणजे धीराचं काम. कणसाला केस फुटायच्या आत पिशवी बांधायची, निवडलेल्या झाडाच्या तुऱ्यातले परागकण आणून वेळेवर त्या केसांवर टाकायचे, पुन्हा पिशवी बांधायची. मग पुढच्या हंगामापर्यंत वाट बघायची. असं वर्षानुवर्षं.

मक्याचा जंगली पूर्वज म्हणजे टिओसिंटे नावाचं गवत. त्याच्याशी मक्याचा संकर करूनही त्यांनी प्रयोग केले. त्यांच्या एका मक्याच्या कणसाला बोटांसारखे अनेक फाटे यायचे. त्याचं नाव पडलं ग्रनाडा मका. ग्रनाडा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब. डाळिंबवाल्या आपल्या जिल्ह्याला हे नाव लगेच जवळचं वाटेल. जी भाषा चाळिशीत शिकले त्याच भाषेत त्यांनी १९३० च्या सुमारास मक्याच्या नव्या वाणांवर पुस्तिकाही लिहिली.

विद्यालयात शिकवून ते थांबले नाहीत. गावागावात शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. त्यातल्या एका शाळेला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झपाटा याचं नाव दिलं होतं. टीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी खानखोजेंच्या मक्याचे आणि शाळांचे फोटो काढले. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकारानं मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर चित्र काढलं. त्यात पंगतीच्या मधोमध भाकर मोडून वाटणारा माणूस आहे, त्याला चेहरा दिला खानखोजेंचा. परक्या देशानं आपल्या घासाच्या चित्रात वर्ध्याचा माणूस बसवला, यापेक्षा मोठा मान तो कोणता?

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. घर मेक्सिकोत, आई युरोपची, पण मुलींची नावं आपल्याकडची.

परत आले, पण...

देश स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांत सरकारनं शेतीच्या कामासाठी त्यांना बोलावलं. वर्धा-नागपूर तेव्हा त्याच राज्यात होतं. विशीत गेलेला पोरगा साठी ओलांडून परत येत होता. मधे चाळीसहून जास्त वर्षं गेली. पुढं १९५० च्या दशकात ते कायमचे नागपूरला आले.

ज्याला परक्या मुलखात जागा मिळाली, त्याला आपल्या मुलखात मात्र ओळख पुन्हा करून द्यावी लागली. एवढ्या वर्षांत इथली पिढी बदलली होती. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं. त्याच्या आदल्याच वर्षी भारतानं मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं होतं आणि हरित क्रांती सुरू झाली होती. त्या देशाच्या शेतीत पंचवीसेक वर्षं घाम गाळलेला माणूस इथं नागपुरात होता, हे किती जणांना ठाऊक असेल? २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला, तेव्हा कुठं आपल्याकडं पुन्हा नाव निघालं.

आपल्या बांधावर

आपल्या माळेगाव, मुसळगावच्या एमआयडीसीत बिहार-झारखंडची पोरं एकएकटी येतात. मागच्या भाद्रपदात असाच एक पोरगा माझ्या मळ्यात पाणी प्यायला थांबला. मराठी त्याला येत नव्हती, माझी हिंदी बेताची. पाणी पिऊन तो मक्यात शिरला, एक कणीस सोललं आणि दाण्याला नख लावून दूध भरलंय का ते बघितलं. मी समजलो, हा शेतकऱ्याचा पोरगा. मग चांगला अर्धा तास गप्पा झाल्या. निम्म्या हातवाऱ्यांनी.

म्हणून दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पोरगा बाहेर निघाला असेल तर त्याला भाषेचा क्लास जरूर लावा, पण हाताला एक काम पक्कं येऊ द्या. त्याच्या जोरावर माणसं जोडली जातात. आणि आपल्या दारात कुणी एकटा परमुलखातला आला तर त्याला आधी पाणी विचारा. मेक्सिकोत आपल्या पांडुरंगाला कुणीतरी विचारलंच असेल ना!