बीथोव्हेन : कान मिटले, स्वर उरले

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील थोर रचनाकार लुडविग व्हान बीथोव्हेन यांची श्रवणशक्ती ऐन तारुण्यात क्षीण होऊ लागली. तरीही त्यांच्या काही श्रेष्ठ रचना त्यानंतर, जवळजवळ पूर्ण बधिरत्वाच्या काळात निर्माण झाल्या. ऐकण्याच्या क्रियेत कानाइतकाच मेंदूचा आणि त्यावर झालेल्या संस्कारांचा वाटा असतो, हे त्यांच्या जीवनातून प्रत्ययाला येते.

डिसेंबर १७७० मध्ये जर्मनीतील बॉन येथे त्यांचा जन्म झाला. दरबारी गायक असलेल्या वडिलांनी अगदी लहान वयातच त्यांना कठोर शिस्तीत वादनाचे धडे दिले. १७७८ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, कोलोन येथे त्यांचे पहिले जाहीर वादन झाले. १७८४ मध्ये ते दरबारात साहाय्यक ऑर्गनवादक म्हणून रुजू झाले. १७९२ मध्ये ते व्हिएन्नाला गेले, हायडन यांच्याकडे शिकले आणि पियानोवादक म्हणून अल्पावधीतच कीर्ती पावले.

बालवयातील अशा साधनेचा मेंदूवर होणारा परिणाम आता मोजता येतो. जर्मनीतील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पियानोच्या स्वरांना संगीतकारांच्या मेंदूतील श्रवणकेंद्राकडून मिळणारा प्रतिसाद, कधीही वाद्य न वाजवलेल्या व्यक्तींच्या तुलनेत सुमारे २५ टक्के अधिक होता. साधनेला जितक्या लहान वयात प्रारंभ, तितका हा फरक मोठा होता. यंत्राने निर्माण केलेल्या शुद्ध ध्वनींच्या बाबतीत मात्र तो आढळला नाही. ज्या स्वरांची संगत घडली, त्यांच्यासाठीच मेंदू अधिक सजग झाला होता.

१७९८ च्या सुमारास बीथोव्हेन यांच्या कानांत सतत गुंजन सुरू झाले आणि उंच पट्टीतील स्वर ऐकू येईनासे झाले. ऑक्टोबर १८०२ मध्ये व्हिएन्नाजवळील हायलिगेनश्टाट येथे त्यांनी भावांना उद्देशून एक पत्र लिहिले. जीवन संपवण्याचा विचार मनात आला होता, परंतु अंतरीचे संगीत निर्माण केल्याविना जाणे अशक्य वाटले, असा त्याचा आशय होता. आपल्या व्याधीचे वर्णन मृत्यूनंतर जगापुढे ठेवावे, अशी इच्छाही त्यांनी त्यात व्यक्त केली. हे पत्र पाठवले गेले नाही. ते त्यांच्या निधनानंतर सापडले.

पुढे धातूचे कर्णे कानाला लावूनही फारसा उपयोग झाला नाही. १८१४ नंतर त्यांचे जाहीर पियानोवादन जवळजवळ थांबले. १८१८ पासून भेटीस येणारे लोक आपले म्हणणे वहीत लिहून देत आणि ते बहुधा तोंडी उत्तर देत. मनातले संगीत त्यांना ऐकू येत असे, मात्र समोरच्या माणसाचे पुढचे वाक्य मनातून ऐकता येत नाही. त्यांच्या एकाकीपणाचे मूळ येथे होते.

नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ मध्ये त्यांच्या चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनांमधील उंच स्वरांची गणना केली. बधिरत्व वाढत गेले तसे हे स्वर कमी होत गेले. परंतु १८२४ ते १८२६ या काळातील अखेरच्या रचनांमध्ये ते पुन्हा वाढले. कान जवळजवळ निकामी झाल्यावर बीथोव्हेन पूर्णपणे अंतःश्रवणावर विसंबले, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. संगीत केवळ मनात आठवले तरी मेंदूतील श्रवणाशी निगडित भाग सक्रिय होतात, हे मेंदूच्या प्रतिमांकनातूनही दिसून आले आहे.

७ मे १८२४ रोजी व्हिएन्ना येथे त्यांची नववी सिंफनी प्रथम सादर झाली. त्यांचे तोंड वाद्यवृंदाकडे होते. मागे होत असलेला टाळ्यांचा गजर त्यांना कळला नाही. तेव्हा एका गायिकेने त्यांना श्रोत्यांकडे वळवले, असे समकालीनांनी नोंदवले आहे.

२६ मार्च १८२७ रोजी व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या श्रवणचेता आक्रसलेल्या आढळल्या. ध्वनी मेंदूपर्यंत पोहोचवणारा मार्गच क्षीण झाला होता. मात्र बॉनमधील बालपणापासून मेंदूत रुजलेले स्वर अखेरपर्यंत त्यांच्या साथीला राहिले.