फ्रोबेल आणि आईच्या खेळाचे शास्त्र

१८४४ साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावी एक चमत्कारिक पुस्तक प्रसिद्ध झाले. पाळण्यातील मूल पाय झाडू लागले की आईने आपले तळवे त्याच्या पावलांना कसे टेकवावेत, वाटीतला खाऊ संपला हे त्याला खेळत खेळत कसे समजवावे, छपरावर वाऱ्याबरोबर फिरणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्याची नक्कल चिमुकल्या मनगटाने कशी करवून घ्यावी, असा त्यातील मजकूर होता. खेळाला गाणे, गाण्याला चाल, जोडीला चित्र आणि शिवाय आईसाठी विवरण, अशी त्याची मांडणी होती. ग्रंथकर्ता बासष्ट वर्षांचा विधुर होता. त्याला स्वतःचे मूल नव्हते. आणि आईचा सहवास त्याला आयुष्याचे पहिले वर्षभरही लाभला नव्हता. फ्रीड्रिख फ्रोबेल हे त्याचे नाव. आपल्याकडे शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही शाळांच्या पाट्यांवर ‘के.जी.’ ही जी दोन अक्षरे दिसतात, त्यांच्यामागचा शब्द त्याचाच. शब्द सर्वांनी उचलला. आई मुलाशी खेळते तेव्हा ती एक विद्या चालवीत असते आणि त्या विद्येचा अभ्यास, अध्यापन व आदर झाला पाहिजे, हा त्याचा मूळ विचार मात्र फारच थोड्यांनी उचलला.

फ्रोबेलचा जन्म २१ एप्रिल १७८२ चा, थुरिंजियातील ओबरवाइसबाख या डोंगराळ खेड्यातला. वडील धर्मोपदेशक होते. अनेक खेड्यांचा पसारा त्यांच्या अंगावर, त्यामुळे घराकडे पाहण्यास सवड नसे. फ्रीड्रिख नऊ महिन्यांचा असताना आई वारली. पुढे सावत्र आई आली, तेव्हा त्या पोरक्या जिवाने तिच्याकडे आशेने हात पसरले, आणि आरंभी तिनेही त्याला जवळ घेतले. परंतु तिला स्वतःचा मुलगा होताच हवा पालटली. जर्मन भाषेत घरच्या माणसाला एकेरीत हाक मारतात. ती एकेरी हाक बंद करून ती त्याच्याशी बोलताना परक्या नोकरास उद्देशून वापरावे तसे तृतीय पुरुषी सर्वनाम वापरू लागली. सर्वनामाच्या एका बदलाने मुलाला घराबाहेर कसे काढता येते, हे आपल्या भाषेतील ‘तू’ आणि ‘अहो’ यांचा संसार जाणणाऱ्यांना निराळे सांगावयास नको. फ्रोबेलने पुढे प्रौढ वयात आत्मवृत्तपर पत्र लिहिले, तेव्हाही ही आठवण त्याला टाळता आली नाही.

गावातील मुलांच्या शाळेच्या शिक्षकाशी वडिलांचे जमेना, म्हणून त्याला मुलींच्या शाळेत बसविण्यात आले. दहाव्या वर्षी मामाने त्याला आपल्या घरी श्टाटइल्म येथे नेले आणि तेथे त्याला प्रथमच मोकळा श्वास घेता आला. त्यानंतरची काही वर्षे चाचपडण्याची होती. त्याने वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली, येना विद्यापीठात थोडेफार शिक्षण घेतले आणि क्षुल्लक कर्जापायी विद्यापीठाच्याच तुरुंगात नऊ आठवडे काढले. वडिलार्जित मालमत्तेवरील हक्क सोडून दिल्यावर सुटका झाली. १८०५ मध्ये वास्तुशास्त्र शिकण्याच्या हेतूने फ्रँकफुर्टला गेलेला हा तरुण योगायोगाने तेथील एका शाळेत शिक्षक झाला, आणि आपली जागा हीच, हे त्याला तत्काळ उमगले.

१८०८ ते १८१० ही दोन वर्षे त्याने आपल्या तीन विद्यार्थ्यांसह स्वित्झर्लंडमधील इव्हर्दाँ येथे पेस्टालॉझीच्या सान्निध्यात काढली. पेस्टालॉझीने आयांसाठी पुस्तक तयार करण्याचा प्रयत्न १८०३ मध्येच केला होता. शरीराच्या अवयवांची ओळख आईने मुलाला क्रमाक्रमाने करून द्यावी, असा त्याचा रोख होता. फ्रोबेलने गुरूचे मोठेपण मान्य केले, तशी उणीवही टिपून ठेवली: शिकवणारी आई त्या पुस्तकात होती, खेळणारी आई नव्हती. यानंतर ग्योटिंगेन आणि बर्लिन येथे त्याने खनिजशास्त्राचा अभ्यास केला, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वयंसैनिक म्हणून भाग घेतला आणि बर्लिनच्या खनिजसंग्रहालयात नोकरी केली. स्फटिकांच्या सहवासातील हा काळ वाया गेला असे म्हणता येणार नाही. गोल, घन आणि दंडगोल या आकारांचे त्याचे वेड तेथे पक्के झाले. मात्र ओघाने सांगावयास हवे की, या आकारांत विश्वाची एकता पाहण्याची त्याची जी गूढवादी खोड होती, तिने त्याचे लेखन अतिशय जड केले आहे. तो भाग आज बाजूस ठेवूनही फ्रोबेल उरतो.

१८१३ मध्ये त्याचा एक भाऊ आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना सन्निपात ज्वराने मरण पावला. त्याच्या मुलांचे शिक्षण हे निमित्त होऊन १८१६ मध्ये फ्रोबेलने शाळा काढली आणि पुढील वर्षी ती काइलहाउ या खेड्यात नेली. बर्लिनची सुविद्य व्हिल्हेल्मिना १८१८ मध्ये त्याची पत्नी झाली आणि सुखवस्तू घर सोडून या अभावग्रस्त संस्थेत राहावयास आली. त्या काळी प्रशियाच्या सरकारला प्रत्येक नव्या शाळेत राजद्रोहाचा वास येत असे. चौकशी झाली. तपासनिसाचा अहवाल अनुकूल आला. तथापि पालकांनी मुले काढून घेतली ती घेतलीच. मग काही वर्षे स्वित्झर्लंडमध्ये गेली. तेथे बुर्गडोर्फच्या अनाथालयाचे काम पाहताना एक गोष्ट त्याच्या मनात ठाम झाली. मूल शाळेच्या दारात येते तोवर घडण्याचे किंवा बिघडण्याचे बरेचसे काम उरकलेले असते. तेव्हा आरंभ करावयाचा तर शाळेच्याही आधी, घरात, आईच्या मांडीवर करावा लागेल.

१८३७ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तो ब्लांकेनबुर्गला आला आणि लहान मुलांची खेळणी बनवू लागला. पहिल्या संचात लोकरीचे सहा रंगीत चेंडू होते. दोरीला बांधलेला चेंडू आईने झुलवावा, मुठीत लपवावा, पुन्हा दाखवावा. इकडे, तिकडे, गेला, आला हे शब्द त्या हालचालीबरोबर मुलाच्या कानी पडावेत. दुसऱ्या संचात लाकडी गोल, घन व दंडगोल. तिसऱ्यात आठ लहान घनांचा बनलेला एक मोठा घन. तो मोडावा, पुन्हा जोडावा, त्याची खुर्ची करावी, जिना करावा. या साहित्याला त्याने ‘देणग्या’ असे नाव दिले. अमेरिकेचा विख्यात वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट याच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे ठोकळे पाहिले आणि मुलासाठी आणले. त्यांचा स्पर्श आपल्या बोटांतून कधीच गेला नाही, असे राइटने आत्मचरित्रात नमूद केले आहे.

परंतु फ्रोबेलच्या कार्याचा गाभा १८४४ च्या त्या पुस्तकात आहे. खेड्यापाड्यांतील आया आपल्या लेकरांशी जे सहज खेळत, ते त्याने पाहिले, जमविले, निवडले आणि त्याचा अर्थ लावला. कविता या दृष्टीने त्यातील गाणी सामान्य आहेत. निरीक्षण मात्र असामान्य आहे. मूल पाय झाडते तेव्हा त्याला स्वतःचे बळ अजमावयाचे असते. आईचे तळवे त्या बळाला विरोध देतात आणि त्या विरोधातूनच त्याला आपण कोणीतरी आहोत याची जाणीव होते. आई त्याला उशीवर अलगद पडू देते तेव्हा पडणे आणि सावरले जाणे या दोन्ही गोष्टी ते एकदम शिकते. पदराआड तोंड लपवून पुन्हा दाखविण्यात वियोग आणि भेट यांचा पहिला पाठ असतो. तळहातावर बोट टेकवून मोराला बसावयास बोलावणाऱ्या, काऊचा घास आणि चिऊचा घास वेगळा काढणाऱ्या मराठी आईला यात नवीन काहीच वाटू नये. नवीन होते ते एवढेच की, कोणी एक विद्वान पुरुष कागद-लेखणी घेऊन तिच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसला होता.

त्यातील एक खेळ तर अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. मूल दोन्ही हातांनी टाळ्या वाजवीत पोळी थापते. आई त्याला सांगते की, ही भाजण्यासाठी भटारखान्यात न्यावयाची आहे. भटाऱ्याला पीठ गिरणीवाल्याने दिले, गिरणीवाल्याला धान्य शेतकऱ्याने दिले, शेतकऱ्याला ते माती, पाऊस आणि ऊन यांनी दिले. गवत कापण्याच्या खेळातही हीच साखळी आहे: कापणारा, गाय, दूध काढणारी, आणि अखेरीस वाटीतले दूध. श्रमविभागाचा सिद्धान्त ॲडम स्मिथने टाचण्यांच्या कारखान्यावरून समजावून दिला. फ्रोबेलची आई तो वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला टाळ्यांवरून सांगते, आणि स्मिथच्या विवेचनात नसलेली एक गोष्ट त्यात घालते. साखळीतील प्रत्येकाचे आपण देणे लागतो, ही ती गोष्ट.

आता त्या साखळीत खुद्द आई कोठे बसते? राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ती बसत नाही. मालकाने आपल्या मोलकरणीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हे पिगूने दिलेले उदाहरण विद्यार्थी पाठ करतात, हसतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. फ्रोबेलने हा प्रश्न आपल्या परीने हाताळून पाहिला होता. व्हिल्हेल्मिना १८३९ मध्ये निवर्तली. पुढील वर्षी, २८ जून १८४० रोजी, मुद्रणकलेच्या चारशेव्या वर्षाच्या उत्सवाचे औचित्य साधून त्याने आपल्या संस्थेची स्थापना जाहीर केली आणि तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. भांडवलासाठी त्याने जर्मनीतील स्त्रियांना आवाहन केले: दहा थॅलरचा एक भाग, असे भाग त्यांनी घ्यावेत. बालसंगोपनाच्या विद्येची मालकी स्त्रियांचीच आहे, तेव्हा तिच्या संस्थेच्या भागधारकही त्याच असाव्यात, असा त्यात हिशेब होता. भाग खपले नाहीत. ज्यांना त्याची गरज होती त्या स्त्रियांच्या हाती दहा थॅलर नव्हते, आणि ज्यांच्या घरी होते त्यांच्या तिजोरीच्या किल्ल्या नवऱ्यांकडे होत्या.

लहान मुलांना दिवसभर सांभाळणारी गृहे त्या काळी युरोपात निघू लागली होती. कारखान्यात जाणाऱ्या आईचे मूल रस्त्यावर राहू नये, एवढाच त्यांचा उद्देश. फ्रोबेलला हे राखणदारीचे काम अपुरे वाटले. मूल सांभाळणे आणि मूल वाढविणे यांत त्याने भेद केला, आणि दुसऱ्या कामासाठी प्रशिक्षित स्त्रिया लागतील असे धरून तो तरुणींना शिकवू लागला. स्त्रीच्या ठायी हा गुण निसर्गतः असतो, असे तो मानीत असे. ही समजूत आज कोणी तशीच स्वीकारणार नाही, आणि तिच्या आधाराने बापाला मोकळे सोडण्याची सोयही झाली आहे. तथापि त्याच समजुतीतून जर्मनीतील मध्यमवर्गीय स्त्रियांना घराबाहेरचा एक सन्मान्य पगारी व्यवसाय मिळाला, हेही विसरता येत नाही.

१८४९ मध्ये तो लीबेनश्टाइन येथे राहावयास गेला. खेड्यातील पोरांबरोबर उड्या मारणारा हा म्हातारा लोकांना वेडगळ वाटे. हवापालटासाठी तेथे आलेल्या बेर्टा फोन मारेनहोल्ट्स-ब्यूलो या सरदारघराण्यातील विदुषीने त्याला पाहिले, ओळखले, आणि पुढचे सर्व आयुष्य त्याच्या कार्याला वाहिले. फ्रोबेलने १८५१ मध्ये आपली विद्यार्थिनी लुइझ लेव्हिन हिच्याशी विवाह केला. त्याच वर्षी ७ ऑगस्टला प्रशियाचा शिक्षणमंत्री राउमर याने किंडरगार्टनवर बंदी घातली. या शाळांतून मुलांना समाजवाद आणि नास्तिकता यांचे शिक्षण मिळते, असा आरोप होता. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या एका पुस्तिकेमुळे नावांचा घोटाळा झाला होता. फ्रोबेलने तो निदर्शनास आणून दिला, राजाकडे अर्ज केला. बंदी उठली नाही. लोकरीच्या सहा चेंडूंना घाबरलेले हे राज्य युरोपातील बलाढ्य लष्करी सत्तांपैकी एक होते. २१ जून १८५२ रोजी फ्रोबेल मारिएनथाल येथे मरण पावला. श्वाइना येथील त्याच्या समाधीवर घन, दंडगोल आणि गोल असे एकावर एक ठेवलेले आहेत. बंदी उठली ती १८६० मध्ये.

तोवर बेर्टाबाई आणि परदेशी गेलेल्या जर्मन स्त्रिया यांच्या द्वारा किंडरगार्टन इंग्लंड-अमेरिकेत पोहोचले होते. भारतात ते इंग्रजी शाळांच्या पायरीवर येऊन बसले आणि कालांतराने पहिलीच्या वर्गाची पूर्वपरीक्षा होऊन गेले. चार वर्षांच्या मुलाने ओळीत बसून रकाने भरावयाचे आणि घरी आईने त्याच्याकडून उरलेले रकाने पुरे करून घ्यावयाचे, ही आजची रीत फ्रोबेलने पाहिली असती तर ती आपल्या नावावर खपविली जाते, यावर त्याचा विश्वास बसला नसता. महाराष्ट्रात त्याच्या विचाराशी अधिक जवळचे नाते जडले ते ताराबाई मोडकांच्या कार्याचे, जरी त्यांची थेट प्रेरणा माँटेसोरी आणि गिजुभाई बधेका यांची होती. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघ यांच्यासह काम करताना, शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात शाळाच नेण्याची कल्पना त्यांनी राबविली. साहित्य होते शंख-शिंपले, बिया, दगड, पाने.

त्या अंगणातला शब्द केंद्र शासनाने घेतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. ती चालविणाऱ्या स्त्रीला सेविका म्हटले गेले, आणि तिला दरमहा मिळणाऱ्या रकमेला वेतन न म्हणता मानधन. गुजरातेतील सेविकांनी उपदानासाठी न्यायालयात धाव घेतली. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ चा उपदान कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. मानधन हा शब्द त्या निर्णयानेही बदलला नाही.