संत गाडगेबाबा

संत गाडगेबाबा यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या गावी झाला. त्यांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर असे होते. आईचे नाव सखूबाई. घर परटाचे होते. वडिलांना दारूचे व्यसन लागले. त्यातच ते वारले. तेव्हा डेबू अगदी लहान होता. मग आई त्याला घेऊन दापुरे गावी मामाकडे राहायला गेली.

मामाकडे डेबू गुरे राखायचा. पुढे शेतीची सगळी कामे करू लागला. शाळेत जायला काही मिळाले नाही. भजनाचा मात्र फार नाद होता. मोठेपणी लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातीत दारू-मटणाचे जेवण घालायची रीत होती. नाही घातले तर लोक नावे ठेवायचे. पण डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. दारूने आपल्या घराचे काय झाले ते त्यांनी पाहिले होते ना!

१ फेब्रुवारी १९०५ रोजी ते घर सोडून निघाले. अंगात चिंध्यांचे कपडे, हातात खराटा आणि जवळ मातीचे गाडगे. त्या गाडग्यातच ते खायचे, त्यातच पाणी प्यायचे. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबा गावात आले की कोणाच्या ओसरीवर बसायचे नाहीत. आधी खराटा घ्यायचे आणि रस्ते झाडायला लागायचे. उकिरडा, गटार, काही म्हणून सोडायचे नाहीत. ते पाहून लोकांना लाज वाटायची. मग तेही झाडू घेऊन यायचे. काम केल्याशिवाय बाबा भाकरी घेत नसत. रात्री कीर्तन करायचे. दिवसा गावातली घाण काढायची आणि रात्री लोकांच्या डोक्यातली, असे ते काम होते. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे. दारू पिऊ नका, देवापुढे बकरे कापू नका, कर्ज काढून सण करू नका, शिवाशिव पाळू नका असे सांगायचे. जेवायचे ताट नसले तर हातावर भाकरी खा पण मुलांना शिकवा, असेही सांगायचे. स्वतःला शाळा मिळाली नव्हती म्हणून त्यांना त्याची किंमत माहीत होती. कोणी पाया पडायला आले तर त्यांना आवडत नसे.

ऋणमोचन गावी पूर्णा नदीवर जत्रा भरते. तिथे चिखलात लोकांचे फार हाल व्हायचे. बाबांनी लोकांना घेऊन तिथे घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या. पण स्वतःसाठी एक झोपडीपण बांधली नाही. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण दलित वारकऱ्यांना दुसरीकडे जागा देत नसत. ती धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गाडगेबाबांचे निधन झाले.

पुढे महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. ते २०००-०१ सालापासूनचे आहे. त्यात गावाने स्वतः श्रमदान करायचे असते. स्वच्छ गावाला बक्षीस मिळते. पण बाबांनी बक्षिसासाठी कधीच झाडले नाही.

आपल्या हातपंपाभोवती डबके साचते. त्यात डास होतात आणि पोरे तापाने पडतात. हे काम कोणाचे, असे सगळे एकमेकांना विचारतात. बाबांनी विचारलेच नसते. चौथीच्या वर्गाने गुरुजींना घेऊन तिथे शोषखड्डा खणायचे ठरवले आहे. पाणी खड्ड्यात मुरले की डबके होत नाही. खड्डा आम्ही खणू, पण त्यात भरायला दगडगोटे आणि विटांचे तुकडे लागतील. हे वाचणाऱ्या आईवडिलांनी येताना एकेक पाटी घेऊन यावे, ही विनंती.

— इयत्ता ४ थी